ठरलेला तास

जुलैत कॉलेजं नीट सुरू झाली की दादर-परळच्या बहुतेक कॉलेजांच्या आवारात एक टेबल लागतं. वर एन.एस.एस.चा बॅनर, मागे दोन सीनियर आणि पुढे नाव नोंदवायला आलेली पोरं. त्यातल्या बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न असतो, "तास किती भरायचे?" आणि दुसरा, "ग्रेस मार्क मिळतात ना?" हे प्रश्न ऐकून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. ज्या मुलाला विरारहून किंवा डोंबिवलीहून रोज लटकत यायचंय, जर्नल पुरी करायचीत, क्लासला जायचंय, कदाचित संध्याकाळी एखाद्या दुकानात चार तास उभं राहायचंय, त्याने आधी हिशेब विचारला तर तो शहाणाच म्हणायचा. तेव्हा हिशेबच आधी करू.

एन.एस.एस. म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. तेव्हा ३७ विद्यापीठं आणि सुमारे ४० हजार विद्यार्थी त्यात होते. अपेक्षा अशी की विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करावं आणि एकदा सात दिवसांच्या शिबिराला जावं. परीक्षा, दिवाळी आणि मे महिना वगळला तर वर्षात कामाचे पस्तीस-चाळीस आठवडे हाती लागतात. आठवड्याला दोन तास धरले तर सत्तर-ऐंशी तास झाले. उरलेले तास कॉलेजच्या सामाईक कार्यक्रमांत, प्रशिक्षणात आपोआप भरतात. म्हणजे मागणी आठवड्याला दोन तासांची आहे. पहिल्या वर्षी त्याहून जास्त कबूल करू नका. उत्साहात आठवड्याला सहा तास कबूल करणारी मुलं ऑक्टोबरात दिसेनाशी होतात आणि त्यांच्या भरवशावर बसलेल्या माणसांची पंचाईत होते.

आता हे तास दोन तऱ्हांनी भरता येतात. एक तऱ्हा अशी की आज रॅली, पुढच्या महिन्यात वृक्षारोपण, मग पथनाट्य, मग चौपाटीवर सफाई. दुसरी तऱ्हा म्हणजे एकच जागा, एकच वार, एकच वेळ. पहिल्या तऱ्हेलाही माझी ना नाही. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटीवर जी पोरं वाळूतून निर्माल्य आणि मूर्तींचे तुकडे वेचतात, त्यांचं काम खरंच गरजेचं असतं (हातमोजे घालून आधी फोटो काढणारी मंडळी सोडून देऊ). पण त्या कामात तुम्ही नाही आलात तर दुसरं कुणीतरी येतं. दुसऱ्या तऱ्हेत कुणीतरी तुमचीच वाट बघत बसलेलं असतं. शिक्षण आणि समाजकार्य एकमेकांना बळ देतात ते इथे, म्हणून पुढचं सगळं त्या दुसऱ्या तऱ्हेबद्दल.

गिरगावातली जुनी पोरं

ही गोष्ट आपल्याकडे एन.एस.एस.पेक्षा जवळजवळ सव्वाशे वर्षांनी जुनी आहे. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. निबंध वाचायचे, वाद घालायचे, तिच्याच ज्ञानप्रसारक सभेतर्फे मराठी-गुजरातीत व्याख्यानं द्यायची असा तिचा कारभार. हे पोरांचं वादविवाद मंडळ इतिहासात एक ओळ होऊन राहिलं असतं. पण १८४९ मध्ये यातल्या तरुणांनी मुलींसाठी शाळा सुरू केल्या आणि तिथे पगार न घेता, आपल्या फावल्या वेळात ते स्वतः शिकवू लागले. दादाभाई नवरोजी त्यांच्यातलेच. घरोघर जाऊन, मुलीला निदान ओटीवर तरी शिकवू द्या, अशी विनवणी ही मंडळी करत. काही घरांतून त्यांना पायऱ्यांवरून ढकलून देण्याच्या धमक्याही मिळाल्या. नाना शंकरशेट यांनी गिरगावात मुलींच्या शाळेला जागा दिली. डॉ. भाऊ दाजी लाड या सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले.

या हकिगतीतला कामाचा भाग वेगळाच आहे. या पोरांकडे पैसा नव्हता, अधिकारही नव्हता. त्यांच्याकडे फक्त कालपरवा शिकलेलं ज्ञान होतं. आपण नुकतं जे शिकलो ते ज्याला मिळालेलं नाही त्याला द्यायचं, आणि तेही ठरल्या वेळी, एवढीच त्यांची योजना होती. आजही याहून चांगली योजना मला माहीत नाही.

परळ-लालबागचा वारसा थोडा निराळा. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावातल्या कामगारांसाठी रात्रशाळा आणि मोफत वाचनालयं लीगने चालवली आणि फिरती ग्रंथालयंही चालवली, म्हणजे पुस्तकं कामगार राहतात तिथे न्यायची. ज्या माणसाची पाळी संपायला रात्र होते तो वाचनालयात कधी येणार, हे ज्याच्या ध्यानात आलं त्याला समाजकार्य कळलं. लोअर परळ स्टेशनाबाहेरच्या ज्या रस्त्यावरून आज टॉवरमधल्या ऑफिसांकडे गर्दी लोटते, त्याला या जोशींचं नाव आहे.

काम निवडताना

आपल्याला काय आवडतं, हा प्रश्न मागाहून विचारा. आधी हे बघा की आपण काय शिकतोय आणि ते चालत जाता येईल एवढ्या अंतरात कुणाला हवंय. घर, कॉलेज, किंवा या दोघांच्या मधलं स्टेशन, एवढ्यातच काम शोधा. कर्जतहून दादरला येणाऱ्या मुलीने चेंबूरला शिकवायचं ठरवलं तर दोन तासांच्या कामाला चार तास लागतात, आणि पावसाळ्यात गाड्या खोळंबल्या की पहिलं तेच काम गळतं.

कॉमर्सच्या विद्यार्थ्याला बँकेचे आणि सरकारी अर्ज कळतात. सायन्सवाल्याला दहावीचं विज्ञान आणि गणित येतं. मराठी वाङ्मय घेतलेल्या मुलीला शुद्ध वाचता आणि टाइप करता येतं, आणि हे तिला वाटतं त्याहून फार मोलाचं आहे. ते कसं, ते सांगतो.

रुईया, रुपारेल, कीर्ती, परळचं महर्षी दयानंद या कॉलेजांच्या परिसरात दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी काम करायला भरपूर वाव आहे. रुईयात सेल्फ व्हिजन सेंटर आहे. दादरला कमला मेहता अंधशाळा आहे, ती १९०० सालची. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा १९०२ ची. वरळीला दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या नॅब या संस्थेचं कार्यालय आहे. या मुलांना सगळ्यात जास्त गरज कशाची असते असं विचारलं तर लोक चटकन 'लेखनिक' म्हणतात. ते खरं आहे, पण अर्धंच. वर्षभराची गरज अभ्यासाच्या साहित्याची असते. कॉलेजात फिरणाऱ्या नोट्स म्हणजे फोटो काढून केलेली पी.डी.एफ. कॉम्प्युटरवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर (एन.व्ही.डी.ए. त्यातलं फुकट मिळणारं) अशा फोटोवर मुकं होतं. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर तर त्याला निव्वळ विचित्र अक्षरांचा ढीग वाटतो. तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला, मथळ्यांना मथळे म्हणून खूण केली, आकृतीखाली दोन ओळींत तिचं वर्णन लिहिलं की एका विद्यार्थ्याचं अख्खं प्रकरण मोकळं होतं. आठवड्याला दोन तासांत आठ-दहा पानं होतात. अर्थशास्त्राच्या आलेखाचं शब्दांत वर्णन करून बघा. मागणीची रेषा डावीकडून उजवीकडे खाली का उतरते, हे ज्याला सांगता येत नाही त्याला तो धडाही आलेला नसतो. या कामाने दृष्टिहीन मित्राचा अभ्यास होतो तसा तुमचाही होतो.

आता लेखनिकाचं काम. यात हौसेला जागा नाही. परीक्षार्थी अपंग असेल तर केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्याला तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. तेवढा वेळ बसून लिहायची तयारी हवी. परीक्षार्थी स्वतःचा लेखनिक आणतो तेव्हा लेखनिकाचं शिक्षण त्याच्यापेक्षा कमी असावं लागतं, त्यामुळे बारावीच्या परीक्षार्थीला अकरावीचा विद्यार्थी चालतो. अकरावीच्या मुलांनो, तुम्हाला कुणी कशातच घेत नाही अशी तुमची तक्रार असते ना, इथे तुमच्याशिवाय कुणाचंच चालत नाही.

होकार देण्याआधी आपल्या परीक्षेचं वेळापत्रक त्यांच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. पेपरच्या दिवशी पहिल्यांदा भेटू नका. आधी एकदा तरी एकत्र बसून जुनी प्रश्नपत्रिका सोडवा, म्हणजे त्याचा बोलण्याचा वेग आणि तुमचा लिहिण्याचा वेग जुळतो. प्रश्न सावकाश, गुणांसकट वाचा, आणि मागितला तर परत वाचा. सगळी प्रश्नपत्रिका सुरुवातीला एकदा वाचून दाखवायची की एकेक प्रश्न घ्यायचा, हे त्याने ठरवायचं. तो सांगेल तेच लिहा. उत्तर चुकतंय हे तुम्हाला कळलं तरी चेहऱ्यावर, आवाजात, पेन थांबवण्यात ते दिसू देऊ नका. तशी मदत म्हणजे कॉपी, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच्या अभ्यासावर दाखवलेला अविश्वास. त्याने सांगितलेलं वाक्य तुमच्या मते बेढब असलं तरी ते तुमचं नाही. दर अर्ध्या तासाने किती वेळ उरला ते सांगा. ओळखपत्र, कॉलेजचा बोनाफाइड, फोटो आदल्या रात्रीच पिशवीत टाका. बाहेर आल्यावर पेपर कसा गेला याची चर्चा इतरांपुढे करायची नाही.

रात्रशाळा, अभ्यासिका आणि अपूर्णांक

परळ, लालबाग, गिरगाव, दादरच्या रात्रशाळांत संध्याकाळी सहा-साडेसहा वाजता येणारा विद्यार्थी दिवसभर राबून आलेला असतो. कुणी कुरियर वाटतो, कुणी कँटीनमध्ये काम करतो, कुणी दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी आटपून आलेली असते. वय चौदा असेल, तसं चाळीसही असेल. मासूम ही संस्था २००८ पासून मुंबईतल्या रात्रशाळांबरोबर काम करते. सोय अशी की तुम्हाला नवं काही उभारायचं नसतं. शाळा आहे, शिक्षक आहेत, मुख्याध्यापकांना भेटून कोणत्या विषयाला हात हवा ते विचारायचं. हा हात बहुधा गणिताला किंवा इंग्रजीला लागतो.

इथे पहिल्या महिन्यात तुमचंच गर्वहरण होईल. बी.एस्सी.च्या मुलाला कलनाची गणितं सुटतात, पण एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश मिळवताना छेद सारखे का करायचे, असं गाडीवर भजी तळणाऱ्या विद्यार्थ्याने विचारलं की तो गप्प होतो. त्याला फक्त रीत माहीत असते. घरी येऊन पाचवीचं पुस्तक काढावं लागतं. ते काढाच. गिऱ्हाइकाला एक पाव आणि दीड पाव लीलया मोजून देणारा तो माणूस अपूर्णांक तुमच्याहून जास्त वापरतो. त्याला मोजणं येतं, ते कागदावर लिहायचं कसं, एवढंच त्याला सांगायचं असतं. शिकवणाऱ्याने वर्गात एकदा असं विद्यार्थी व्हावं, त्याचा फायदा स्वतःच्या परीक्षेत दिसतो. ज्यांनी वर्षभर दहावीचं विज्ञान शिकवलं त्यांना तोंडी परीक्षेची धास्ती उरत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय.

रात्रशाळा सुटायला नऊ-साडेनऊ होतात. मुलींनी जाताना-येताना कोण बरोबर आहे ते आधी ठरवावं, आणि घरी ते सांगावं. "अभ्यास सोडून हे काय नवीन?" असं आई म्हणणारच. तिच्याशी सेवाभावावर वाद घालू नका. कोणता वार, कुठली शाळा, किती वाजता घरी, तिथल्या शिक्षकांचा नंबर काय, एवढं कागदावर लिहून फ्रिजवर लावा. पहिल्या सहामाहीचे गुण उतरले नाहीत की विरोध आपोआप मावळतो. उतरले, तर मात्र आईचं ऐका. आठवड्याचे दोन तास एका तासावर आणा.

ज्यांना रात्री जमत नाही त्यांनी अभ्यासिका बघाव्यात. गिरणगावात अभ्यासिकेचं महत्त्व ज्याला कळत नाही त्याने बी.डी.डी. चाळीतली खोली पाहिलेली नसते. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात सहा माणसं, एक टीव्ही, एक आजारी आजोबा. पोराने पुस्तक उघडायचं कुठे? वरळीला पोद्दार हॉस्पिटलच्या बाजूचा एक रस्ता म्हणूनच 'अभ्यास गल्ली' झाला. पिढ्यान् पिढ्या चाळीतली मुलं रस्त्याच्या दिव्याखाली, बाकावर, फुटपाथवर बसून तिथे वाचत आली. हल्ली पालिकेने ती गल्ली सजवली, म्हणून बरेच जण फोटो काढायला जातात. तुम्ही जाल तेव्हा जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन जा आणि कुणाला काही अडलंय का ते हळू आवाजात विचारा. नाही म्हणाले तर आपला अभ्यास काढून बसा. पुढच्या आठवड्यात त्याच वेळी परत जा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कुणीतरी वही पुढे करतं.

गणपती मंडळांबद्दल एक बोलायलाच हवं. १८९३ मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक उत्सव सुरू झाला, लालबाग-परळच्या मंडळांची वयंही आता नव्वद-शंभरच्या घरात आहेत. दहा दिवस रांगा लावणं, हरवलेली मुलं शोधणं, रात्रभर पाणी वाटणं, यात पोरं जे शिकतात ते कुठल्याही व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवत नाहीत. पण उरलेले तीनशे पंचावन्न दिवस मंडळाचं ऑफिस बहुतेक ठिकाणी कॅरमच्या ताब्यात असतं. काही मंडळांनी त्या जागेचं सोनं केलंय. लालबागचा राजा मंडळाची साने गुरुजी अभ्यासिका आणि पुस्तक पेढी आहे. तुमच्या वाडीतल्या मंडळाची खोली संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासाला मागा. भाषण करू नका, अर्ज लिहा: कोण किल्ली घेणार, कोण झाडणार, विजेचं बिल किती वाढेल. कार्यकर्त्यांना उपदेश आवडत नाही, पण किल्ली सांभाळणारा माणूस मिळाला की ते खूश असतात. आणि ग्रंथालयाचं सभासदत्व हेही एक काम आहे. नायगावचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय ही १८९८ सालची संस्था आहे. वाडीतल्या चार मुलांना घेऊन तिथे जाणं आणि पुस्तक बदलायचं कसं ते दाखवणं, हा एका शनिवारचा उत्तम उपयोग.

अर्ज भरून देणं

हे काम दिसायला रूक्ष, पण कधीकधी एका अर्जावर मुलाचं वर्ष अवलंबून असतं. दहावीचा निकाल लागला की अकरावीचा ऑनलाइन प्रवेश, मग महाडीबीटीवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची आहे, म्हणजे चाळीतली बहुतेक घरं त्यात बसतात. तरीही अर्ज राहून जातात, कारण उत्पन्नाचा दाखला वेळेत काढलेला नसतो, किंवा आधार बँकखात्याला जोडलेलं नसतं आणि मंजूर झालेले पैसेही येत नाहीत. तेव्हा निकालाची वाट बघू नका. एप्रिल-मे महिन्यातच वाडीतल्या दहावी-बारावीच्या घरांची यादी करून उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, आधार आणि खातं यांची विचारपूस करा. सुट्टीतले दोन आठवडे पुरतात.

एक पथ्य कडक पाळायचं. लॉगिन आणि पासवर्ड त्या घराच्या वहीत लिहून द्या, स्वतःच्या फोनमध्ये ठेवू नका. ओटीपी त्यांच्याच फोनवर यायला हवा. आधारचा फोटो अपलोड झाला की त्यांच्यासमोर पुसून टाका. अर्ज कसा भरला ते घरातल्या एकाला शेजारी बसवून दाखवा, म्हणजे पुढच्या वर्षी तुम्ही लागणार नाही. आणि पैसे घेऊ नका, चहा चालेल.

परळची हॉस्पिटलं

टाटा मेमोरियल १९४१ चं, के.ई.एम. १९२६ चं, शेजारी वाडिया. बिहार, बंगाल, आसाम, विदर्भ, मराठवाडा इथून आलेली कुटुंबं या रस्त्यांवर महिनोन् महिने काढतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती अशा ठिकाणी त्यांच्यासाठी काम चालतं. मनाने हळवी असलेली मुलं सर्वांत आधी इकडे वळतात, आणि मी त्यांना नेहमी थांबवतो. रुग्णाजवळ बसायला प्रशिक्षण लागतं. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाजवळ सर्दी घेऊन जाणं धोक्याचं, आणि "सगळं ठीक होईल" हे तर बोलूच नये, कारण ते आपल्या हातात नाही. औषधाबद्दल एक शब्दही नको.

संस्थेमार्फत गेलात तर मात्र विद्यार्थ्याला जमण्यासारखं पुष्कळ आहे. कोणती इमारत, कोणती खिडकी, कोणता कागद, हे हिंदीत किंवा बंगालीत समजावणारा माणूस त्या कुटुंबाला देवासारखा वाटतो. उपचारासाठी आलेल्या लहान मुलांची शाळा बुडालेली असते. ज्या राज्याचं पुस्तक त्यांच्याकडे आहे त्यातलंच थोडं थोडं शिकवा, दमलं की गोष्ट वाचा. फोटो काढायचा नाही, मुलाचं नाव कुठे टाकायचं नाही, आणि मुलाबरोबर बंद खोलीत एकट्याने बसायचं नाही. हे तिन्ही नियम रात्रशाळेला आणि अभ्यासिकेलाही लागू.

ज्यांना यातलं काहीच जमणार नाही त्यांनी रक्त द्यावं. वय १८, वजन ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ एवढं असलं की झालं. मुलांना तीन महिन्यांनी, मुलींना चार महिन्यांनी परत देता येतं. शिबिरं कॉलेज चालू असताना होतात आणि तुटवडा पडतो एप्रिल-मेमध्ये, पोरं गावाला गेल्यावर. तेव्हा ऑगस्टच्या शिबिरात रांग असेल तर खुशाल परत फिरा, आणि मेमध्ये रक्तपेढीत जा.

स्वतःचं शिकणं

समाजकार्याच्या नावाखाली अभ्यास बुडवणाऱ्यांचं मला कौतुक नाही. अभ्यास आधी, याचं उदाहरण परळातलंच आहे. परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत राहणाऱ्या भीमरावाला वडील रामजी सुभेदार पहाटे दोनला उठवत, कारण तेवढ्याच वेळी खोलीत शांतता असे. शाळा सुटल्यावर तो मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी तिथे त्याला हेरलं, त्याची चौकशी केली, पुस्तकं दिली. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं, आणि पुढे सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकून महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्तीही मिळवून दिली. बागेत फिरायला आलेल्या मास्तरांनी वाचणाऱ्या मुलाकडे लक्ष दिलं, यापलीकडे त्यात संस्था, समिती, अहवाल काही नव्हतं. त्याच भीमरावांनी, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, पुढे १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले. आपण कोणत्या वेळी वाचू शकत होतो हे त्यांना आठवत असणार. सहा डिसेंबरला, त्यांच्या महापरिनिर्वाण दिनी, चैत्यभूमीवर फुलांऐवजी 'एक वही, एक पेन' आणण्याचं आवाहन होतं. जमलेल्या वह्या पुढे मुलांपर्यंत पोचवायला आणि वाटून द्यायला माणसं लागतात; जानेवारीत मोकळा रविवार असेल तर आवाहन करणाऱ्यांना विचारा.

तुमच्यापुरतं पथ्य असं. परीक्षेचे महिने वर्षाच्या सुरुवातीलाच संस्थेला लेखी कळवा: ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा नाही, मार्च नाही. आगाऊ सांगितलेली रजा कुणाला टोचत नाही. येणार म्हटल्या दिवशी मात्र गाड्या बंद असल्या तरच चुकवायचं, आणि तेही फोन करून. आपला अभ्यास कामाच्या जागी नेता येत असेल तर न्या. अभ्यासिकेत तुम्ही स्वतः वाचत बसलेले दिसणं, हे तुमच्या शिकवण्याइतकंच उपयोगी पडतं.

एक साधी वही ठेवा. तारीख, वेळ, काय केलं, काय अडलं. एन.एस.एस.च्या डायरीत तास लिहावे लागतातच, पण ही दुसरी वही वेगळी. "आज छेद समजावता आला नाही", "ताईंचा चष्मा बदलायला हवा, फळ्यावरचं दिसत नाही", असलं त्यात लिहायचं. नव्या शैक्षणिक धोरणात सामाजिक कामाला श्रेयांक मिळू लागलेत, त्याचा प्रकल्प लिहायची वेळ येईल तेव्हा इतरांना इंटरनेटवरून उतारे जमवावे लागतील आणि तुमच्याकडे वहीभर मजकूर असेल.

तिसऱ्या वर्षी तुम्ही जाणार, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं. म्हणून निघण्याच्या दोन महिने आधी एक ज्युनियर शोधा, त्याला बरोबर घेऊन जा, आपण मागच्या बाकावर बसा आणि त्याला शिकवू द्या. वही त्याच्या हाती द्या, पण त्यातलं कुणाचं खाजगी काही असेल ती पानं फाडून. विद्यार्थ्यांना स्वतः सांगा की अमुक तारखेनंतर मी येणार नाही, हा येईल. आणि लेखनिकांच्या यादीतून नाव काढायचं असेल तर ते दिवाळीच्या सुट्टीआधी कळवा. लेखनिकाचे अर्ज परीक्षेच्या आधी शाळेमार्फत जातात, आणि फेब्रुवारीत नव्याने अकरावीचा मुलगा शोधणं फार कठीण जातं.